बोका गातो आणि कासव घर वाहतं

लसणाला स्पॅनिशमध्ये 'आख़ो' म्हणतात. बडोद्यात रोज भाजी घेणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही, कारण गुजराती 'आखो' म्हणजे अख्खा हे त्याच्या कानात मुरलेलं असतं. सोललेल्या पाकळ्या नकोत, अख्खा गड्डा द्या. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की शब्द बसला. फक्त 'ख' घशातून काढायचा, 'ख़बर' म्हणताना काढतात तसा.

परके शब्द लक्षात ठेवण्याच्या या युक्तीला इंग्रजीत कीवर्ड मेथड म्हणतात. आपण खुंटी म्हणू. परक्या शब्दाच्या आवाजाजवळ जाणारा आपला शब्द ही खुंटी, आणि त्या खुंटीला अर्थ बांधणारं चित्र ही दोरी. १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ही पद्धत रशियन शब्दांवर तपासली. तीन दिवसांत १२० शब्द, रोज ४०. शेवटच्या चाचणीत खुंटीवाल्यांना ७२ टक्के शब्द आठवले, बाकीच्यांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी अचानक पुन्हा विचारलं तेव्हा आकडे ४३ आणि २८ वर आले होते. या आकड्यांतली पहिली जोडी सगळे सांगतात, दुसरी जोडी तितकीच महत्त्वाची आहे. खुंटीने शब्द लवकर आत येतो, पण उजळणी नसेल तर तोही गळतोच.

वही उघडल्या उघडल्या खुंट्या ठोकत सुटू नका. आधी शब्द निवडून घ्या, जसे तांदूळ निवडतो तसे. बरेच शब्द आपलेच निघतात. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिने मराठीला भरपूर दिलं आहे. 'पागार' म्हणजे पैसे देणं, आपला पगार तिथलाच. 'बिसाग्रा' म्हणजे बिजागरी. 'पान' म्हणजे पाव, 'पाताता' म्हणजे बटाटा, 'माएस्त्रो' म्हणजे उस्ताद किंवा शिक्षक, आपला मेस्त्री त्याच घरातला. किल्लीला 'याबे' म्हणतात. ती आणि आपली चावी दोघी एकाच लॅटिन शब्दाच्या लेकी आहेत, जरी आता चेहरे जुळत नाहीत.

दुसरा रस्ता अरबीतून येतो. अरबांनी आपल्याकडचे शब्द पश्चिमेला नेले आणि स्पेनमध्ये ते त्यांच्या 'अल'सकट राहिले, म्हणून साखर 'आसूकार' झाली, कापूर 'अल्कानफोर' आणि चतुरंग-शतरंज 'आख़ेद्रेस'. 'नारान्ख़ा' म्हणजे संत्रं, आपलं नारिंग. असे शब्द सुरुवातीचा 'अ' किंवा 'अल' काढून पुन्हा एकदा ऐका, मूळ शब्द आपोआप वर येतो.

वारांसाठी तर काहीच करायला नको. 'लूना' म्हणजे चंद्र, म्हणून 'लूनेस' सोमवार. 'मार्तेस' मंगळाचा, 'मिएर्कोलेस' बुधाचा, 'ख़ुएबेस' गुरूचा, 'बिएर्नेस' शुक्राचा. ग्रह तेच, क्रमही तोच. 'साबादो' आणि 'दोमिंगो' मात्र यहुदी-ख्रिस्ती परंपरेतून आले आहेत, ते दोन तेवढे पाठ करा. आकडेही कान देऊन ऐका: दोस, त्रेस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस. आणि 'तू' म्हणजे तू. मोठ्यांशी, अनोळखी माणसाशी बोलायला वेगळा शब्द आहे, 'उस्तेद', आपल्या 'तुम्ही'सारखा.

आता उरलेले हट्टी शब्द. खुंटी फक्त यांच्यासाठी.

दुधाला 'लेचे' म्हणतात. मराठी कानाला लगेच 'लेचेपेचे' ऐकू येतं, आणि बहुतेक जण इथेच चूक करतात. ते डोळ्यांपुढे एक लेचापेचा मुलगा आणतात, त्याच्या शेजारी दुधाचा पेला ठेवतात आणि समजतात की झालं. दोन दिवसांनी मुलगा आठवतो, पेला आठवत नाही. मग 'लेचे' म्हणजे अशक्त असं वाटायला लागतं. शेजारी ठेवलेल्या वस्तू टिकत नाहीत, एकमेकींवर काहीतरी करणाऱ्या वस्तू टिकतात. म्हणून चित्र असं करा: स्टीलचा पेला दुधाने भरलेला आहे, हातात धरताच तो पेलाच लेचापेचा होऊन मनगटावर लोळतो, आणि गरम दूध बाहीतून कोपरापर्यंत जातं. त्या दुधाचा चिकटपणा, वास, भाजल्याची कळ, हे सगळं पाच-सात सेकंद नीट अनुभवा. त्या वेळात तोंडाने तीनदा मोठ्याने म्हणा: लेचे, लेचे, लेचे. मुक्याने केलेलं चित्र अर्धंच राहतं, कारण खुंटी आवाजाची आहे.

यात आणखी एक गोष्ट झाली. चित्राची सुरुवात दुधापासून झाली. वाचताना आपण शब्दाकडून अर्थाकडे जातो, बोलताना अर्थाकडून शब्दाकडे. पेला दिसताच तो वाकला पाहिजे, तरच तोंडातून शब्द निघेल. नुसत्या पहिल्या दिशेने सराव केलेल्यांना मजकूर कळतो आणि दुकानात गेल्यावर जीभ अडते.

खिडकीचा शब्द 'बेन्ताना'. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'व्ही' आहे, पण स्पॅनिशमध्ये 'व्ही' आणि 'बी' यांचा उच्चार एकच, 'ब'च्या जवळचा. ज्यांनी वहीत 'वेन्ताना' लिहिलं त्यांची खुंटी गेली. 'बेन' लिहिलं की बडोदेकराला शेजारच्या बेन दिसतात: खिडकीच्या गजांना धरून त्या ताना घेत आहेत आणि प्रत्येक तानेला गज थरथरतात. आघात 'ता'वर आहे आणि 'ताना' म्हणतानाही जोर तिथेच पडतो, म्हणजे खुंटीने उच्चारही सांभाळला. आघाताकडे दुर्लक्ष करू नका. 'पापा' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर लॅटिन अमेरिकेत तो बटाटा, शेवटच्या अक्षरावर दिला तर बाबा.

काही शब्द तर मराठी माणसासाठीच घडवल्यासारखे आहेत. 'गातो' म्हणजे बोका, आणि बोका गातो. 'कासा' म्हणजे घर: कासव पाठीवर घर वाहतं. 'बाका' म्हणजे गाय, ती कमाटीबागेतल्या बाकावर ऐसपैस बसली आहे आणि बाक तिच्या वजनाने वाकलं आहे. 'काये' म्हणजे रस्ता, पावसाळ्यातला खड्डा पाहून तोंडातून निघतं तेच, काय हे! 'सापातो' म्हणजे बूट: झटकून पाहा, आत साप, तो! 'बाराटो' नव्हे, 'बारातो' म्हणजे स्वस्त. दुकानदाराने कमी भाव सांगितला की 'बरा तो'. 'पाला' म्हणजे फावडं, ज्याने पाला ओढतात. 'केसो' म्हणजे चीज, तुकडा उचलला की केसांसारखे लांब तंतू निघतात. 'मिरार' म्हणजे बघणं, मीरा कृष्णाकडे बघत राहते.

'सापातो' आणि 'लापिस'सारख्या शब्दांत स्पेनच्या बऱ्याच भागात 'स'ऐवजी जीभ दातांत आणून काढलेला 'थ'सारखा आवाज असतो. कुठली बोली शिकायची ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि खुंट्या तिच्याच उच्चारावर करा. निम्म्या इथल्या, निम्म्या तिथल्या केल्या की घोळ होतो. 'त' आणि 'द' मात्र दोन्हीकडे आपल्यासारखे दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने 'ट', 'ड' करू नका. ही देणगी आपल्याकडे आयती आहे.

खुंटी उलटते ती बहुतेक दोन कारणांनी. पहिलं, खुंटीचा स्वतःचा अर्थ खऱ्या अर्थाच्या फार जवळ असतो. 'मानो' म्हणजे हात. 'मान' ही खुंटी केली तर महिन्याभराने कुठला अवयव हेच कळत नाही, कारण मानही शरीराचाच भाग. तिथे 'मानाचा हात' करा: सत्कारात नारळ पुढे करणारा हात. दुसरं, एकच खुंटी दोन शब्दांना लागते. 'बोका' हा स्पॅनिश शब्द आहे, अर्थ तोंड. पण मराठी बोका आपण 'गातो'ला दिला आहे. म्हणून तोंडासाठी 'बोकाणा' घ्या, गाल फुगेपर्यंत सेव-उसळीचा बोकाणा भरलेलं तोंड. इंग्रजीतून केलेल्या खुंट्याही जपून वापरा. 'रोपा' म्हणजे कपडे. रोपाच्या फांद्यांवर वाळत घातलेले सदरे दिसले तर उत्तम, पण इंग्रजी रोप डोक्यात आला की दोरीवर गाडी अडते.

लिंगाचा प्रश्न मराठी माणसाला वेगळाच छळतो. आपल्याकडे तीन लिंगं, स्पॅनिश नामांना दोन, आणि खुंटीचं लिंग चोरपावलांनी शब्दाला चिकटतं. पाला पुल्लिंगी, 'पाला' म्हणजे फावडं स्त्रीलिंगी. तरी शेवटी 'ओ' असेल तर सहसा पुल्लिंग, 'आ' असेल तर सहसा स्त्रीलिंग, त्यामुळे अशा शब्दांवर मेहनत घालवू नका. मेहनत करायची ती 'ए'वर किंवा व्यंजनावर संपणाऱ्या शब्दांवर आणि अपवादांवर.

त्यांच्यासाठी बडोद्याच्या जुन्या गावातला रस्ता वापरा. न्यायमंदिरापासून लहरीपुरा दरवाजातून आत शिरा, सरळ मांडवीपर्यंत जा, कमानींखालून पुढे पाणीगेटपर्यंत. पश्चिमेकडून पूर्वेकडे, सरळ रेष. डाव्या हाताला पुल्लिंगी शब्द (त्यांच्या आधी 'एल' लागतं), उजव्या हाताला स्त्रीलिंगी (त्यांच्या आधी सहसा 'ला'), आणि हा नियम कधीही मोडायचा नाही. 'ला लेचे'चा लोळणारा पेला लहरीपुरा दरवाजाच्या उजव्या भिंतीशी. 'ला साल' म्हणजे मीठ: कैरीची साल मिठाच्या ढिगात खुपसलेली, मांडवीच्या उजव्या कमानीत. 'ला नारीस' म्हणजे नाक, नारीच्या नाकातली नथ, तिला जागाही फारशी लागत नाही पण ठेवा उजवीकडेच. डावीकडे 'एल लापिस', पेन्सिल, जिने कढईभर लापसी ढवळली जाते आहे. लापसी स्त्रीलिंगी असल्याने जागा दिली नाही तर हा शब्द हमखास चुकतो. डावीकडेच 'एल दिया' म्हणजे दिवस, 'एल मापा' म्हणजे नकाशा, 'एल प्रोब्लेमा', हे 'आ'वर संपूनही पुल्लिंगी. 'मानो' शेवटी 'ओ' असूनही उजवीकडे. पाण्याचा शब्द 'आग्वा' स्त्रीलिंगी आहे, पण एकवचनात त्याच्या आधी लगेच 'एल' लागतं, म्हणून तो उजवीकडेच ठेवा आणि त्याच्या डोक्यावर 'एल'ची टोपी घाला. थंड पाणी 'एल आग्वा फ्रीआ'च होतं, 'फ्रीओ' नाही.

एका दरवाज्याशी तीन-चार चित्रांपेक्षा जास्त गर्दी नको. जागा संपली तर चांपानेर दरवाजा ते गेंडीगेट ही दुसरी रेष आहे, ती आडवी मांडवीलाच भेटते.

एका बैठकीला १२ ते १५ नवे शब्द पुरे, त्यांतही खुंटी लागणारे सहा-सात. एका खुंटीवर अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घालवू नका. अर्ध्या मिनिटात सुचली नाही तर त्या शब्दाला आज सोडून द्या. कार्डाच्या एका बाजूला मराठी अर्थ, दुसरीकडे आधी रोमन स्पेलिंग आणि खाली देवनागरी उच्चार, आघाताचं अक्षर अधोरेखित. स्पेलिंग लिहायलाच हवं, कारण न उच्चारला जाणारा 'एच' किंवा 'बी'-'व्ही'चा फरक कुठलीच खुंटी सांगत नाही. खुंटी मागे कोपऱ्यात पेन्सिलीने, बारीक. मग सेबास्टियन लाइटनर यांची डब्यांची पद्धत: बडोद्यात मिळणाऱ्या लिल्या, म्हणजे ओल्या चिवड्याचे चार रिकामे डबे घ्या. पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने. आठवला की कार्ड पुढच्या डब्यात, चुकला की थेट पहिल्यात. तीनदा लागोपाठ चित्र न आठवता शब्दच आठवला की कोपऱ्यातली पेन्सिल खोडून टाका. बांधकाम झालं की परांची उतरवतात, तसंच हे. ती राहू दिली तर बोलताना प्रत्येक शब्दामागे साप आणि कासव उभे राहतात आणि वाक्य रखडतं. क्रियापदांची खुंटी तर आणखी लवकर काढा, कारण 'दोर्मीर'चं 'दुएर्मो' होतं तेव्हा मूळ आवाजच बदलतो.

'तोदाबीआ', 'आउन्के', 'एन्तोन्सेस' अशा शब्दांना खुंटी लावू नका. अजून, जरी, मग यांचं चित्र होत नाही, आणि ओढूनताणून केलेलं चित्र शब्दापेक्षा अवघड असतं. ते छोट्या वाक्यात घ्या: 'तोदाबीआ नो', अजून नाही. इथे मराठीची वाक्यरचना खुंटीपेक्षा जास्त कामाची आहे. 'दीसे के' म्हणजे म्हणतो की. गुजरातीत तर 'के'च. इंग्रजीतून शिकणारे 'मे गुस्ता'पाशी धडपडतात, आपल्याला ते घरचं वाटतं. 'मे गुस्ता एल काफे', मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही, अगदी आपल्यासारखं. 'मे दुएले ला काबेसा', माझं डोकं दुखतं. अशी वाक्यं कार्डावर मराठीशेजारी लिहा, इंग्रजीशेजारी नको.