नौपाड्यातल्या डायनिंग टेबलावरचा वर्ग

कॅनडातल्या एडमंटनमध्ये मी नक्की काय काम करते, हे ठाण्यात कुणालाच एका दमात सांगता आलेलं नाही. हुद्द्याचं नाव 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर'. त्यातलं 'डिझायनर' एवढंच ऐकून शेजारच्या काकूंनी एकदा मला ब्लाउजच्या गळ्याचा नमुना विचारला होता. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना ऑनलाइन वर्ग नीट घेता यावा म्हणून त्यांच्या शेजारी बसायचं, त्यांचा कोर्स उसवायचा आणि पुन्हा शिवायचा, हे माझं काम. (काकूंचं अगदीच चुकलं नव्हतं म्हणायचं.) आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मास्तरांची मास्तरीण." पेपर तपासत बसलेल्या मामीनं मानही वर न करता विचारलं, "तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ही काय शिकवणार?"

प्रश्न रास्त होता. तिकडेही तो असतोच, फक्त तोंडावर कुणी विचारत नाही. हसून कौतुक करतात आणि पुढच्या तीन ईमेलना उत्तर देत नाहीत.

गेल्या जुलैत सुट्टीवर आले होते, तेव्हा मामीला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली. सोमवारी दुपारपासून पाऊस नुसता कोसळत होता. वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं, लोकल रखडल्या, आणि रात्री साडेनऊला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला : उद्या रेड अलर्टमुळे सुट्टी, लेक्चर्स ऑनलाइन. मामी एफवायबीकॉमला गणित आणि संख्याशास्त्र शिकवते. सकाळी ८.४० चा तास. तिनं २०२० सालची जुनी पीपीटी शोधून काढली आणि झोपायला गेली.

सकाळी मी तिला म्हटलं, "मी पण बसते वर्गात. विद्यार्थिनी म्हणून." मामेभावाचा जुना, काच तडकलेला फोन घेतला, वायफाय बंद केलं आणि आतल्या खोलीत पलंगावर मांडी घातली. तिकडे कुठल्याही प्राध्यापकाबरोबर काम सुरू करताना मी आधी हेच करते. त्यांचा कोर्स मोठ्या मॉनिटरवर कधी बघत नाही, बसमध्ये फोनवर बघते.

त्या तासात जे दिसलं ते असं. पीपीटीवरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. मध्यकाचं, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याचं, सूत्र मामीनं माउसनं लिहिलं, ते भूकंपमापकाच्या आलेखासारखं उमटलं. बासष्ट मुलं हजर, एकाचाही कॅमेरा चालू नाही. आणि दर पाचेक मिनिटांनी मामी विचारायची, "समजलं ना सगळ्यांना? ठीक आहे, पुढे जाऊ या." 'समजलं ना' आणि 'ठीक आहे' यांच्यामध्ये किती वेळ जातो ते मी घड्याळावर बघितलं. एक सेकंद. कधी तोही नाही.

मेरी बड रोव नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं की उत्तरं लांब होतात, उत्तर देणारी मुलं वाढतात, 'माहीत नाही' कमी होतं. तेही समोरासमोरच्या वर्गात. ऑनलाइन तर आवाज पोहोचायलाच थोडा वेळ जातो, मग मुलानं माइकचं बटण शोधायचं, घरात मागे कोण ओरडतंय ते बघायचं, मग तोंड उघडायचं. तोवर मॅडम पुढच्या स्लाइडवर.

तास संपल्यावर मामी खुर्चीत मागे रेलली. "बघितलंस? भिंतीशी बोलते मी. काळ्या चौकटी नुसत्या. अर्धे झोपलेले असणार."

असतीलही. पण कॅमेरा बंद असण्याचा अर्थ मला एका वेगळ्याच रात्रीनं शिकवला आहे. कोविडच्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या एका वर्गात दुपारी दोनला तास असायचा. प्राध्यापिका चिडल्या होत्या, एक मुलगी कधीच कॅमेरा लावत नाही म्हणून. मी यादी बघितली तर मुलगी व्हिसाअभावी भारतातच अडकलेली. एडमंटनचे दुपारचे दोन म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे अडीच. घरातले सगळे झोपलेले, ही अंधारात हेडफोन लावून बसलेली. हे कळल्यावर प्राध्यापिकांचा राग कुठच्या कुठे गेला. मामीला म्हटलं, तुझ्या वर्गात दिवा स्टेशनजवळ राहणारा एखादा मुलगा एका खोलीत पाच माणसांबरोबर बसलेला असेल. शिवाय दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर तासाभराच्या व्हिडिओ कॉलला एक जीबीच्या आसपास सहज जातो. दिवसाचे चार तास असले तर हिशेब तूच मांड, गणिताची तू आहेस.

ती काही बोलली नाही. मग मी तिच्या हातात तो तडकलेला फोन दिला आणि तिचीच स्लाइड दाखवली. तिनं चश्मा वर केला, खाली केला, फोन लांब धरला. "अगं, हे मलाच वाचता येत नाही!"

माझ्या नोकरीतला हा सगळ्यात उपयोगाचा क्षण. त्यानंतर फारसं काही पटवावं लागत नाही. एडमंटनला एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी पंचाहत्तर मिनिटांची लेक्चर्स सलग रेकॉर्ड करून चढवली होती. मी सांगत होते तोवर हटले नाहीत. एकदा स्वतःच विद्यार्थी म्हणून लॉगिन करून बसले आणि अठराव्या मिनिटाला कॉफी आणायला उठले. परत आल्यावर स्वतःच म्हणाले, तुकडे करू या. लोक यावर लगेच २०१४ चा एक अभ्यास पुढे करतात. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंची लाखो सत्रं तपासून निघालेला निष्कर्ष होता, की सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वांत जास्त बघितले जातात. पण तो आकडा वेदवाक्य नाही. तिथली बरीच मंडळी फुकटचे कोर्स हौसेनं बघणारी होती, आणि 'बघितलं' म्हणजे 'समजलं' नव्हे. मी मिनिटं मोजत नाही. एका व्हिडिओत एक प्रश्न सुटला पाहिजे, एवढंच बघते. कधी त्याला चार मिनिटं लागतात, कधी चौदा.

हे मामीला सांगताना मला हसू येत होतं, कारण यातलं बरंचसं मी कॅनडात शिकायच्या आधी घरातच बघितलेलं होतं. बाबांनी नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. हे नाशिकचं विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. त्यांची पुस्तकं रात्री जेवणं झाल्यावर याच घरात, याच टेबलावर उघडलेली असायची. धड्याच्या मध्येच प्रश्न यायचे, आणि बाबा खरंच थांबून वहीत उत्तर लिहायचे. समोर शिक्षक नव्हता, पण पुस्तक बाबांशी बोलायचं. पुढे मी भरमसाट फी भरून जे शिकले त्याचा गाभा तोच होता, माणूस समोर नसताना त्याला काहीतरी करायला लावायचं.

मामीची अडचण अशी, की तिच्यासाठी 'ऑनलाइन शिकवणं' म्हणजे २०२०. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि रातोरात फळ्याचा लॅपटॉप झाला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या काही शिक्षणतज्ज्ञांनी लिहून ठेवलं होतं, की याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, ही आणीबाणीतली तात्पुरती सोय आहे. तापात दिलेल्या पेजेवरून कुणी सुगरणीची परीक्षा करतं का? पण झालं तसंच. पेजेची चव जिभेवर राहिली आणि स्वयंपाकच नको असं ठरलं.

आता तक्रारीचं. आमच्याकडे एखादा ऑनलाइन कोर्स उभा करायचा तर साधारण एक सत्र आधी बैठका सुरू होतात. मामीला रात्री साडेनऊला निरोप येतो. तिच्याच विभागातली एक तरुण मुलगी तासिका तत्त्वावर शिकवते. तिला तासाचे पैसे मिळतात, तयारीच्या रात्रीचे नाहीत. तिकडे कंत्राटी शिक्षकांची स्थिती फार निराळी आहे असं समजू नका. सत्र सुरू व्हायच्या आठ दिवस आधी हातात कोर्स पडलेली माणसं माझ्याकडे रडकुंडीला येऊन बसलेली आहेत. अशा वेळी मी त्यांना थोर तत्त्वं सांगत नाही. उद्याच्या तासात एक गोष्ट बदलायची तर कोणती, एवढंच ठरवतो.

मामीबरोबर संध्याकाळी तेच केलं. बुधवारीही सुट्टी जाहीर झालीच होती. माउस बंद. टेबलावर पोह्यांचा आणि रव्याचा असे दोन उंच डबे ठेवले, त्यांच्यावर मामाची लाकडी पट्टी आडवी टाकली, पट्टीवर फोन असा ठेवला की कॅमेरा कडेबाहेरून खाली वहीकडे बघेल. फोन दुसरा सदस्य म्हणून वर्गात घ्यायचा. पहिल्या चाचणीला फोनचा आवाज बंद करायला विसरलो, तेव्हा लॅपटॉप आणि फोन एकमेकांवर असे किंचाळले की आजी देवघरातून उठून आली. पण वहीवर मामीचं अक्षर आलं, तिचं ते गोल, ठसठशीत अक्षर, आणि तडकलेल्या फोनवरही वाचता आलं.

मग प्रश्न ठरवला. पुस्तकातली सारणी बाजूला ठेवली. मुलांचेच आकडे घ्यायचे.

एडमंटनच्याच अल्बर्टा विद्यापीठात २००० सालच्या सुमारास गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी मांडलं, की ऑनलाइन वर्गात तीन प्रकारची उपस्थिती लागते. शिकवणाऱ्याची, एकमेकांची आणि विचाराची. मी हे मामीला सांगितलं तर म्हणाली, "आमच्या हजेरीपटात एकच रकाना आहे." तरी तिनं बुधवारी सुरुवात केली ती अशी : "सोमवारी कॉलेजमधून घरी पोहोचायला किती मिनिटं लागली? आकडा चॅटमध्ये टाइप करा, पण पाठवू नका. मी सांगेन तेव्हाच पाठवायचा."

ही माझी आवडती युक्ती. हुशार मुलाचं उत्तर बघून बाकीचे गप्प बसत नाहीत, प्रत्येकाला आपला आकडा लिहावा लागतो. मामीनं वीस सेकंद घड्याळाकडे बघत काढले. वीस सेकंद गप्प बसणं तिला किती जड गेलं ते मी समोरून बघत होते. मग म्हणाली, "पाठवा." आणि चॅट असा कोसळला की ती खुर्चीत पुढे सरकली. "अगं, हा तर येऊरचा धबधबा!" माइक चालूच होता. कुणीतरी हसलं. काळ्या चौकटीतून आलेलं ते पहिलं हसू.

सोयीसाठी तिनं चॅटमधले वरचे अकरा आकडे वहीत उतरवून चढत्या क्रमानं लावले. १५, २०, २०, २५, ३०, ३५, ४०, ४५, ५०, ६०, आणि शेवटी २४०. आधी २४० झाकून पहिल्या दहांची सरासरी काढायला लावली, ३४. मध्यक ३२.५. मग बोट काढलं. सरासरी उडी मारून ५३ च्या जवळ गेली, मध्यक सरकला फक्त ३५ वर. "बघा, अकरातल्या नऊ जणांना पन्नास किंवा त्याहून कमी मिनिटं लागली, आणि सरासरी म्हणते त्रेपन्न! मग सोमवारचा ठाणेकर कोणता खरा?" मामी रंगात आली होती. ही तीच बाई, जी काल भिंतीशी बोलत होती.

मग तिनं विचारलं, "हा २४० चुकून आलेला दिसतो. काढून टाकू या का?"

शांतता. सवयीनं तिचा हात पेनाकडे गेला. मी टेबलाच्या पलीकडून बोटं वर केली. एक. दोन. तिनं माझ्याकडे रागानं बघितलं. तीन. चार. बाहेर पावसाचा आवाज, आत मामाच्या चहाचं भांडं. पाच.

टक् करून एक माइक उघडला. मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी "दार लाव रे" म्हणालं.

"मॅडम, काढू नका. तो मी आहे. बदलापूरचा. अंबरनाथच्या पुढे गाडी उभीच होती."