पातळी किती? आमच्या मुलाची शी-शू आणि आयर्विन पुलाचे आकडे

जुलैचा पाऊस लागला की सांगलीत सकाळी उठल्यावर एकमेकांना विचारायचा प्रश्न ठरलेला असतो : आज पातळी किती? आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर आले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर आले की धोका पातळी, हे आकडे इथल्या माणसाला पाढ्यांसारखे पाठ असतात. गेल्या वर्षी याच दिवसांत आमचा मुलगा दोन वर्षे पाच महिन्यांचा होता. आम्ही त्याला घरात दादू म्हणतो. त्याला शी-शूची सवय लावण्याच्या प्रयत्नात आम्ही सगळे, आणि सर्वांत जास्त तो स्वतः, अगदी मेटाकुटीला आलो होतो. त्यातून बाहेर पडण्याची वाट आम्हाला नदीच्या याच आकड्यांनी दाखवली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात चुकली ती आमच्या घाईमुळे. जूनमध्ये त्याला एका बालवाडीत घातले आणि तिथली अट होती की मूल डायपरशिवाय आले पाहिजे. त्या वेळी दादू दोन तास कोरडा राहत होता, चड्डी ओली झाली की सांगतही होता, परंतु शू येण्याच्या आधी सांगणे त्याला जमत नव्हते. हा फरक फार महत्त्वाचा आहे, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही. आम्ही मे महिन्याच्या शेवटी डायपर एकदम बंद केले, दर अर्ध्या तासाने त्याला मोरीत नेऊन उभे केले आणि प्रत्येक वेळी ‘शू आली का?’ असे विचारत राहिलो. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ‘का?’ने संपणारा कोणताही प्रश्न विचारला तर उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि ते ‘नाही’ म्हणून झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला चड्डी ओली होते. बालवाडीत त्याला ओल्या चड्डीत बसवून ठेवले गेले आणि इतर मुलांसमोर ‘एवढा मोठा झालास तरी’ असे बोलले गेले. त्यानंतर त्याने शीच बंद केली.

‘बंद केली’ हे शब्दशः खरे आहे. चार दिवस त्याला शी झाली नाही. तो दिवाणखान्यातल्या पडद्यामागे जाऊन खिडकीचे गज दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, टाचा उचलून चवड्यांवर उभा राहायचा, पाय एकमेकांवर आवळायचा आणि त्याचा चेहरा लालबुंद व्हायचा. आम्हाला वाटायचे की बिचारा जोर करतो आहे आणि शी होत नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी हे वर्णन ऐकल्याबरोबर सांगितले की तो जोर करत नाही, सगळे बळ लावून शी अडवून धरतो आहे. एकदा कडक शी होताना दुखले, किंवा त्या क्षणाशी भीती जोडली गेली, की मूल अडवू लागते. अडवलेल्या शीतले पाणी आतडे शोषून घेत राहते, त्यामुळे ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. हे फार दिवस चालले तर गुदाशय ताणला जातो, शी आल्याची जाणीवच बोथट होते आणि मग पातळ शी नकळत चड्डीत झिरपू लागते. अशा मुलाला आळशी किंवा हट्टी म्हणणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

त्यामुळे पहिले तीन आठवडे आम्ही सवय लावण्याचे नावच काढले नाही. बालवाडी सोडली, डायपर परत आणले आणि बाईंनी दिलेले शी मऊ करणारे औषध नियमाने दिले. तो दिवसभरात जवळजवळ लिटरभर दूध पीत असे, ते अर्ध्या लिटरच्या आत आणले, कारण दुधाने पोट भरले की मूल भाजी-भाकरी आणि फळांकडे बघत नाही. पपई, पाणी, वरण-भातावर तूप आणि तासगावकडचे बेदाणे रात्री भिजवून सकाळी बोटांनी चांगले कुस्करून, एवढाच आमचा आहाराचा बदल होता. बेदाणा अख्खा देऊ नये. एवढ्या लहान मुलाच्या घशात तो अडकू शकतो.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी मांडून सांगितले होते की सवय लावण्याची वेळ पालकांच्या सोयीने न ठरवता मुलाच्या तयारीने ठरवावी. मुलग्यांना मुलींपेक्षा सरासरी थोडा अधिक वेळ लागतो, हेही सर्वसाधारणपणे दिसून येते. हे मला आधी माहीत असते तर बालवाडीच्या त्या अटीपुढे मी मान तुकवली नसती.

खेळ सुचला तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. संततधार लागली होती, कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली होती आणि घरात सकाळ-संध्याकाळ पातळी आणि विसर्ग याशिवाय दुसरा विषय नव्हता. दादू ते सगळे कान देऊन ऐकत होता. एका संध्याकाळी तो दोन्ही पाय आवळून उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बाबा, पाणी वर आलं.’’ मी त्याला उचलून मोरीत नेले आणि त्याने शू केली. आधी सांगून केलेली ती त्याची पहिली शू होती.

त्याच रात्री मी पुठ्ठ्याची हातभर लांब पट्टी कापली, तिच्यावर निळ्या खडूने १० ते ५० असे आकडे लिहिले, ४० वर पिवळी आणि ४५ वर लाल रेघ ओढली आणि पट्टी मोरीच्या दाराला त्याच्या उंचीवर चिकटवली. तिला कपडे वाळत घालायचा एक निळा चिमटा लावला. त्याला समजावले की प्रत्येकाच्या पोटात शूचे एक छोटे धरण असते, आपण पाणी प्यायलो की ते हळूहळू भरते, त्याला एक दरवाजा असतो आणि तो दरवाजा उघडण्याचे काम फक्त धरणाच्या साहेबांचे असते. आमच्या घरचे साहेब अर्थातच दादू. दुसऱ्या दिवसापासून मी ‘शू आली का?’ हा प्रश्न कायमचा सोडला आणि त्याऐवजी ‘‘साहेब, पातळी किती?’’ असे विचारू लागलो.

या एका बदलाने काय घडले ते सांगण्यासारखे आहे. पातळी विचारली की ‘नाही’ म्हणता येत नाही. तो क्षणभर थांबायचा, खाली बघायचा, पोटावर हात ठेवायचा आणि मग गंभीरपणे चिमटा सरकवायचा. त्याला आकड्यांची किंमत कळत नव्हती, पण पिवळ्या रेघेच्या खाली आणि पिवळ्या रेघेच्या वर एवढे कळत होते. त्या क्षणभराच्या थांबण्यातच खरे शिक्षण होते, कारण मूत्राशय भरत आल्याची जी अस्पष्ट जाणीव मुलाला आतून होते, तिच्याकडे लक्ष देण्याची आणि तिला नाव देण्याची सवय त्याला लागत होती. मूल खेळात रमले की त्याचे लक्ष उडते आणि मग काम होऊन जाते, असे अनेक जण मानतात. आमचा अनुभव असा की चांगल्या खेळामुळे मुलाचे लक्ष त्याच्या स्वतःच्या शरीराकडे वळते. दरवाजा उघडायचा की नाही हा निर्णय मात्र त्याच्याकडेच राहिला पाहिजे. चिमटा ३० वर असताना आपण ‘चल, तरीही बस’ असे म्हटले की खेळ तिथेच संपतो.

माझ्या आईला हा खेळ सुरुवातीला मुळीच रुचला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली तेव्हा आमचे गावभागातले घर पाण्यात होते, आणि ‘ज्या पाण्यानं माणसं देशोधडीला लागली त्याचा कसला रे खेळ करता’ असे ती म्हणाली. तिचे म्हणणे मला पटत होते. मी चिमटा लावायचे बंद करणार होतो, पण दोन दिवसांनी तीच दादूला सांगताना ऐकली की वेळेवर थोडे थोडे पाणी सोडले की पूर येत नाही राजा, म्हणून पिवळ्या रेघेलाच सोडायचे. तिने खेळाला जो अर्थ दिला तो मला सुचला नव्हता.

आईचा या विषयातला अधिकार मोठा आहे. दादू तान्हा असताना ती पाटावर बसून, पाय लांब करून त्याला पायांवर धरायची आणि ओठांनी ‘शू...शू...’ असा लांब आवाज काढायची. त्या आवाजाशी बाळाची शू जोडली जाते, ही आपल्याकडच्या घराघरांतली जुनी आणि अतिशय समंजस पद्धत आहे. आम्ही दोघे नोकरीच्या धावपळीत डायपरवर गेलो आणि तो धागा तुटला. पातळी ४० झाली की आता पुन्हा तिचाच आवाज कामी आला.

सुरुवातीला त्याला शूसुद्धा बसूनच करायला शिकवले. लहान मुलाची शी आणि शू बऱ्याचदा बरोबरच येते, उभ्याने शू करायला आधी शिकलेले मूल शीसाठी बसायला कंटाळते आणि पहिल्या दिवसांत नेम धरण्याची कटकट वाचते. मात्र मुलगा बसून शू करतो तेव्हा धार सरळ पुढे, पॉटच्या बाहेर जाते. ‘‘नळी खाली’’ असे म्हणून स्वतःच्या हाताने ती खाली धरायला त्याला शिकवले, म्हणजे भिंत, चड्डी आणि समोर बसलेला बाप हे तिघेही कोरडे राहतात. स्वच्छता करताना वरून साधे पाणी पुरते. पुढची त्वचा मागे ओढू नये, या वयात ती चिकटलेली असणे नैसर्गिक आहे. शू करताना मूल रडत असेल, धार अडखळत असेल किंवा ताप येत असेल तर मात्र खेळ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

बक्षिसाचा प्रयोग आम्ही एकच दिवस केला. प्रत्येक शूला एक भिजवून कुस्करलेला बेदाणा असे ठरवले आणि दादू तासाभरात सात वेळा मोरीत गेला, दर वेळी चार थेंब करून हात पुढे करत. धरणाचा दरवाजा त्याला किती बारकाईने हाताळता येऊ लागला होता याचा तो पुरावाच होता, परंतु मूत्राशय पूर्ण रिकामे न करण्याची सवय लागणे बरे नाही, म्हणून बेदाणे पुन्हा सकाळच्या वाटीत गेले.

ऑक्टोबरमध्ये तो माझे पाहून उभ्याने शू करायला मागू लागला. ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर १९९० च्या दशकात पुरुषांच्या मुताऱ्यांमध्ये माशीचे छोटे चित्र काढले गेले, आणि पुरुष नकळत त्या माशीवर नेम धरू लागल्यामुळे आजूबाजूला सांडणे कमी झाले. मोठी माणसे असे करतात, तर पावणेतीन वर्षांच्या मुलाला लक्ष्य का देऊ नये? आम्ही वर्तमानपत्राचा तिकिटाएवढा तुकडा भांड्यातल्या पाण्यावर सोडायचो. त्याला दादू ‘होडी’ म्हणायचा आणि धारेने होडी बुडवायचा. होडी बुडाली की एक तांब्या पाणी त्याने स्वतः ओतायचे. कमोडवर उभ्याने शू करणाऱ्या मुलाच्या घरी वरची सीट अचानक खाली पडत नाही ना, हे आवर्जून तपासावे. त्याने मुलाला नाजूक जागी इजा होऊ शकते. ज्यांच्याकडे भारतीय बैठकीचा संडास किंवा मोरी आहे त्यांना ही काळजी नाही.

शीचा प्रश्न अधिक हळूहळू सुटला. दुपारच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही त्याला पॉटवर बसवू लागलो, कारण पोटात अन्न गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते. पायांखाली आईचा जुना पाट ठेवला. पाय लोंबकळत असतील तर मुलाला बळ लावता येत नाही, आणि गुडघे कमरेपेक्षा वर आले की उकिडवे बसल्यासारखी वाट सरळ होते. शी करण्याची त्याच्या मनात जी भीती बसली होती, ती जत्रेतून आणलेल्या चार आण्याच्या मोलाच्या पिपाणीने घालवली. पिपाणी फुंकताना पोट आपोआप आवळते आणि खालचे स्नायू सैल पडतात. श्वास कोंडून शी अडवणाऱ्या मुलाला एकाच वेळी फुंकणे आणि अडवणे अवघड जाते. पहिले नऊ दिवस नुसतीच पिपाणी वाजली. पाच मिनिटे झाली की आम्ही त्याला उठवायचो, शी झाली असो वा नसो. दहाव्या दिवशी पिपाणी मध्येच थांबली, दादूने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, ‘‘दुखलं नाही.’’ मला तेव्हा काही बोलता आले नाही.

रात्रीचे कोरडे राहणे ही वेगळी गोष्ट आहे. झोपेत शू कमी तयार व्हावी यासाठी शरीरातले एक संप्रेरक वाढावे लागते आणि भरलेल्या मूत्राशयाने झोप मोडावी लागते. हे दोन्ही वयानेच होते. पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणे अगदी सर्वसाधारण मानले जाते. दादू आता जवळजवळ साडेतीन वर्षांचा आहे, आठवड्यातून दोन-तीनदा गादी ओली होते, खाली रबरी कापड आहे आणि सकाळी त्याविषयी घरात एक शब्दही निघत नाही.

यंदा जूनमध्ये विश्रामबागेतल्या दुसऱ्या बालवाडीत त्याचे नाव घातले. पहिल्या दिवशी मी तिथल्या ताईंना बाजूला घेऊन सांगितले की याला ‘शू आली का’ असे विचारू नका, ‘पातळी किती’ असे विचारा. त्या हसल्या, पण त्यांनी ते वहीत लिहून घेतले. परवा त्याला आणायला गेलो तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली होती, ताई दारात उभ्या राहून सगळ्या वर्गाला पातळी विचारत होत्या आणि सोळा-सतरा पोरे पोटावर हात ठेवून विचार करत होती.