'नाही' कोण म्हणालं?

लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर चालवून बघत असलेल्या साइटवर, ४०४ आलं की मला आधी बरं वाटतं. आमच्या ऑफिसातल्या पोरांना हे अजिबात पटत नाही. ती व्हीटीयूची, म्हणजे बेळगावच्या तांत्रिक विद्यापीठाची, डिग्री घेऊन नुकती कामाला लागलेली. पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांत 'नॉट फाउंड' दिसलं की त्यांचे चेहरे निकालाच्या दिवसासारखे होतात. खानापूरचा एक आहे, तो तर खुर्ची सोडून उभाच राहतो. "सर, पेज गावंना की वो!"

"पेज गावंना, का सर्व्हर गावंना?"

हा प्रश्न त्याला फाटे फोडल्यासारखा वाटतो, पण निम्मं काम तिथंच होतं. वडगावच्या गल्लीत तुम्ही पत्ता शोधत गेलात, कडी वाजवली आणि आतून आजी येऊन म्हणाल्या, "तसलं कोण ऱ्हात न्हाई बाबा इथं," तर तुम्ही रिकाम्या हाताने परतलात असं नाही. गल्ली बरोबर आहे, घर उघडं आहे आणि बोलायला माणूस आहे. दाराला कुलूप असतं तर एवढंही कळलं नसतं. ब्राउझर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणतो ते कुलूप. म्हणजे त्या पोर्टवर, सर्व्हरच्या त्या नंबरी दारावर, कुणी ऐकायलाच बसलेलं नाही: सर्व्हरचं काम करणारा अपाची चालू केलेला नाही, किंवा मघाशी लाईट गेली तेव्हा डेस्कटॉप बंद पडला आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. जुलैत बेळगावात पाऊस लागला की हे रोजचंच. ४०४ म्हणजे मात्र आजी बाहेर आल्या. आता त्यांच्याशी नीट बोलायचं.

हे आकडे कुणाच्या लहरीवर ठरलेले नाहीत. चारपासून सुरू होणारे विचारणाऱ्याकडे बोट दाखवतात, पाचपासून सुरू होणारे सर्व्हरकडे. ४०३ म्हणजे कळलं काय हवंय ते, पण देणार नाही. ४१० म्हणजे होतं, आता कायमचं गेलं. ४०४ यातलं काहीच कबूल करत नाही. तात्पुरतं नाही की कायमचं, कधी होतं का नव्हतंच, याबद्दल अवाक्षर नाही. मला तर तो सरकारी खिडकीवरच्या मुरलेल्या कारकुनाचा वंशज वाटतो. जिनिव्हाच्या सर्न संस्थेत ४०४ नंबरची खोली होती आणि तिथून हा आकडा आला, अशी एक दंतकथा पोरं एकमेकांना रंगवून सांगतात. वेब जन्माला घालताना टिम बर्नर्स-ली यांच्या बरोबरीने राबलेले रॉबर्ट कायो यांनी ती केव्हाच उडवून लावलीय. पण खरं उत्तर रटाळ असलं की दंतकथाच टिकते.

तर मुद्दा असा, की 'नाही' हे ऐकून घाबरायचं नाही, ते कोण म्हणालं ते बघायचं. एका पत्त्याच्या वाटेत 'नाही' म्हणायचा अधिकार असलेली बरीच मंडळी बसलेली असतात आणि प्रत्येकाची बोलायची ढब वेगळी. पानाच्या तळाशी तिरप्या अक्षरांत 'अपाची… सर्व्हर ॲट लोकलहोस्ट पोर्ट ८०' अशी ओळ असेल तर नकार अपाचीचा. मग फाइल खरंच एचटीडॉक्स या अपाचीच्या फोल्डरमध्ये आहे का, फोल्डरचं नाव काय, हे बघावं. लाराव्हेल या साइट बांधायच्या तयार सांगाड्याचं करड्या अक्षरांतलं अबोल ४०४ आलं, तर अपाचीने आपलं काम करून निरोप पुढे दिलाय; राउट, म्हणजे कुठल्या पत्त्याला काय उत्तर द्यायचं तो नियम, लिहायचा राहिलाय. जँगो हाही तसलाच सांगाडा, पण सगळ्यांत मनमोकळा. डीबग, म्हणजे चुका शोधायची सोय, चालू असेल तर कुठले कुठले पत्ते ताडून बघितले त्याची यादीच पुढे ठेवतो, आणि ती यादी वाचायची सोडून पोरं गुगलवर जातात. वर्डप्रेसचं ४०४ तर थीमचे कपडे घालून येतं, वर मेनू, खाली फोन नंबर. ते दिसलं की वर्डप्रेसपर्यंत वाट मोकळी आहे एवढं नक्की.

पण वर्डप्रेसचं पहिलं पान उघडतंय आणि आतलं प्रत्येक पान अपाचीच्याच भाषेत ४०४ देतंय, असं असेल तर वाट अडलीय. उबुंटूवर नव्याने अपाची घातला की 'अलाउ-ओव्हरराइड'पुढे 'नन' लिहिलेलं असतं, म्हणजे पत्ते वळवायचे नियम असलेल्या एचटीॲक्सेस फाइलीतलं काही ऐकायचंच नाही असा हुकूम. तिथे 'ऑल' करायचं, रीराइट मोड्यूल चालू करायचं, अपाची पुन्हा सुरू करायचा. वर्डप्रेसमधल्या परमालिंकच्या, म्हणजे पानांच्या कायम पत्त्यांच्या, पानावर जाऊन काही न बदलता 'सेव्ह' दाबायचं हा तोडगाही पुष्कळदा लागू पडतो. तो मंत्र-तंत्र नव्हे, त्याने नियम नव्याने लिहिले जातात.

मला खरी मजा येते ती भलत्याच घरातून उत्तर आल्यावर. संध्याकाळी पोरगं पतसंस्थेच्या साइटचा सर्व्हर ८००० पोर्टवर चालू ठेवून खानापूरची बस गाठतं. सकाळी येऊन कुंद्याच्या, म्हणजे इथल्या मिठाईच्या, दुकानाची साइट चालू करतं. लाराव्हेल समजूतदार, ८००० अडलेलं दिसलं की गुपचूप ८००१ वर बसतं आणि टर्मिनलवर तसं लिहितंही. पोरगं मात्र सवयीने ८०००च उघडतं आणि पतसंस्थेकडे कुंद्याची दरपत्रिका मागतं. पतसंस्था काय देणार? ४०४. राउट बघ, कंट्रोलर बघ, कॅश पुस, असं करत डब्याची वेळ होते. सगळं कोडमध्ये शोधून झालं, फक्त ब्राउझरच्या माथ्यावरची ओळ वाचायची राहिली.

विंडोजचा खोडसाळपणा वेगळाच. तो फाइलीचं आडनाव लपवून ठेवतो, त्यामुळे 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' वाटते ती फाइल 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' निघते. शिवाय त्याला कॅपिटल 'एस' आणि स्मॉल 'एस' सारखेच. इथं सगळं झकास चालतं, आणि लिनक्सवर चढवलं की 'संपर्क'चं पान गायब.

याच्या पुढची भानगड खास आमच्या भागातली. इथं गावांना नावं आहेत तेवढीच स्पेलिंगंही आहेत. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं सरकारी कागदावर बदलली, त्यात आमचंही एक. घरात आम्ही बेळगाव म्हणतो, पाटीवर बेळगावी असतं, आणि जुन्या कागदांवर इंग्रजीतलं बेलगाम. आता दुकानांच्या शाखांची पानं करायची, तर फोल्डरला नाव काय द्यायचं? मराठी पोरगं निपाणीत एक 'पी' घालतं, कन्नड पोरगं दोन. चिकोडीतल्या 'क'चंही तेच. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मेनू एकाने लिहिला आणि फोल्डर दुसऱ्याने केलं, की बरोबर अधिक बरोबर बरोबर ४०४. नावाच्या वादात इथल्या किती पिढ्यांचे घसे बसले ते मी इथं काढत नाही. ऑफिसात तोडगा एवढाच, की नाव एक ठरवायचं, भिंतीवर चिकटवायचं आणि बाकीच्या सगळ्या स्पेलिंगांना ३०१, म्हणजे 'पत्ता कायमचा बदललाय' असा कोड, देऊन तिकडे वळवायचं. पत्ते बदलू नका म्हणून बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच कळकळीने लिहून ठेवलंय. रेल्वेला ते न सांगता कळलेलं दिसतं. शहराचं नाव बदललं, स्टेशनचा कोड अजून बीजीएमच.

आणि पत्ताच देवनागरीत असेल तर? एका शेतकी सोसायटीला हौस होती, पान मराठी तर पत्ताही मराठीच हवा. 'शेतकऱ्यांसाठी' नावाचं पान. पान आहे, डेटाबेसमध्ये नाव आहे, मेनूतही तेच नाव, आणि दाबलं की ४०४. पोरांनी दोन्ही शब्द मोठे करून एकाखाली एक ठेवले, काना-मात्रा तपासल्या. तसूभर फरक नाही. मग लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. देवनागरी पत्ता लॉगमध्ये माणसाच्या वाचण्यालायक राहत नाही. एकेका अक्षराचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटमागे टक्क्याचं चिन्ह, त्यामुळे एवढासा शब्द दोन ओळी खातो. आमच्याकडे बैलहोंगलचा एक कन्नड पोरगा आहे. मराठी बोलतो फर्डं, वाचतो अडखळत. त्या गर्दीत बोट ठेवलं ते त्याने. एका ओळीत 'टक्का-ई०, टक्का-ए४, टक्का-बी१'. दुसरीत त्याच जागी शेवटी 'बी०', आणि थोडं पुढे एक जादा तुकडा, 'टक्का-ई२, टक्का-८०, टक्का-८डी'.

भानगड त्या आडव्या अर्ध्या 'र'ची होती. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तऱ्हा नुक्ता असलेल्या 'ऱ'चा पाय मोडायची. दुसरीत साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही एकसारखे, सर्व्हरच्या लेखी दोन वेगळे शेतकरी. मेनू एका कीबोर्डवरून आला होता, पान दुसऱ्या. मराठी पोरं शब्द वाचत होती म्हणून त्यांना दिसलं नाही; हा नुसते आकडे बघत होता. शिवाय त्याला ते अदृश्य चिन्ह ओळखीचं होतं, कारण कन्नडमध्ये 'रँक' नीट उमटवायला तेच लागतं. "सर, हे आमच्यात पण असतंय," म्हणाला, आणि चहा प्यायला गेला. आता साइटवर येणारा प्रत्येक देवनागरी पत्ता आधी एकाच तऱ्हेचा करून घेतो, मग शोधतो.

राहिलं कुंद्याच्या दुकानाचं. साइट लोकांपुढे न्यायची तर तिला स्वतःचं ४०४चं पान हवं. मालकांना नमुना दाखवला, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, 'आपण शोधत असलेलं पान सापडलं नाही'. काका भडकले. "माझ्या दुकानावर 'नाही' म्हणून लिवणार तुम्ही? नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक थांबतंय व्हय? शेजारच्या दुकानात जाईल की वो!" त्यांचा धंदा त्यांना कळतो, माघार घेतली. मग खानापूरच्या पोराने डोकं चालवलं: चुकीचा पत्ता कुठलाही येवो, कुंद्याचा मोठा फोटो दाखवायचा आणि सर्व्हरकडून सांगायचं २००, सगळं ठीक आहे. दिसायला छान, पण गुगल अशाला 'सॉफ्ट ४०४' म्हणतं आणि त्याला ते खपत नाही. शिवाय मेनूतला एखादा दुवा तुटला तर आम्हाला कळणार कुठून? लॉगमध्ये सगळीकडे आनंदीआनंदच.

शेवटी फोटो ठेवला, खाली दुकानाची वेळ आणि फोन नंबर घातला, 'नाही' हा शब्द तिन्ही भाषांतून काढला आणि आतून कोड ४०४चाच पाठवला. काका खूश आहेत. त्यांना लॉग दाखवलेला नाही.