न्हाणीघराचा ढाळ: माझा अनुभव

कमोडमागच्या कोपऱ्यात पाणी साचलेलं दिसलं तेव्हा फरशी बसवून तीन दिवस झाले होते. टाईल्समधल्या फटींत ग्राउट भरून झालं होतं, नळ लागले होते, सासूबाईंना मी मोठ्या कौतुकाने आत नेऊन दाखवलंही होतं. बादलीभर पाणी ओतलं तर निम्मं नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निचरायच्या जाळीकडे, गेलं आणि निम्मं उलट्या बाजूला जाऊन कोपऱ्यात थांबलं. खराट्याने ओढलं की जायचं, पुन्हा ओतलं की पुन्हा तिथेच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं. न्हाणीत शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंबाचा कट्टा, पलीकडच्या खोलीच्या भिंतीला बारमाही ओल. गवंड्याने ‘पुढच्या सोमवारी नक्की’ म्हणत फेब्रुवारी ते एप्रिल घालवला. पावसाच्या आत काम उरकायचंच होतं, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि माझ्या मुलाने स्वतःच हात घातला. शहाबादी पहारीने सहज उचलली. भिंतीतले सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारे प्लॅस्टिकचे, पाईपही जमले. जोड चिकटवताना दोन्ही टोकं कोरडी आणि स्वच्छ हवीत, एवढंच. पाईप बुजवण्याआधी सगळी टोकं बंद करून रात्रभर पाणी सोडून ठेवा. आमचा एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, पाझरत होता, तो तिथेच सापडला. भिंतीच्या टाईल्स चार दिवसांत झाल्या. गिझरच्या वायरिंगला मात्र आम्ही हात लावला नाही, वायरमनलाच बोलावलं.

अडलं ते ढाळावर, म्हणजे पाणी ट्रॅपकडे जावं म्हणून जमिनीला देतात त्या उतारावर.

पहिल्यांदा वाटलं, त्या कोपऱ्यातल्या दोन-तीन टाईल्स काढून खाली टाईल चिकटवायचं जास्त अ‍ॅडहेसिव्ह भरलं की झालं. लक्ष्मीपुरीत दुकानात विचारलं, तर तिथल्या पोराने ‘होतंय की’ म्हणून अजून एक पोतं गळ्यात मारलं. काढलेल्या टाईल्स जाड थरावर बसवल्या. वाळताना थर आकसला, एक टाईल खाली बसली आणि शेजारचीची कड नखाला लागायला लागली. अ‍ॅडहेसिव्ह काही मिलिमीटरच्या थरासाठी असतं, खड्डा भरायला नाही, हे पोत्यावर छापलेलं होतं. ते मी आधी वाचायला हवं होतं.

शेवटी गल्लीतल्या एका निवृत्त गवंडीमामांना बोलावलं. ते आत आले, चप्पल काढली, उकिडवे बसले आणि मुलाकडून एक गोटी मागून घेतली. दारापाशी सोडली, ती ट्रॅपकडे गेली. खिडकीखाली सोडली, ट्रॅपकडे गेली. मधोमध सोडली, तर जरा घुटमळली आणि सरळ कमोडमागे गेली.

‘ताई, फरशी झ्याक बसवलीया,’ मामा म्हणाले. ‘पन ढाळ फरशीत नसतोय, खाली कोब्यात असतोय. दोरी किती बांधल्यासा?’

मी म्हटलं, उतार धरायला एकच. दारापासून ट्रॅपपर्यंत.

‘मग हितंच चुकलं.’

चूक आता डोळ्यांपुढे आली. बंबाचा कट्टा फोडताना तो कोपरा आम्ही बाकीच्यापेक्षा खोल खणला होता. कोबा, म्हणजे टाईल्सखालचा सिमेंटचा थर, टाकताना तिथे दोरीच नव्हती, त्यामुळे भर कमी पडलेली कळलीच नाही.

मामांनी सांगितलेली रीत नीट लिहिते. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करायच्या. नळीत बुडबुडा राहता कामा नये. त्या खुणांपासून खाली मोजायचं. ट्रॅपचं तोंड सगळ्यात खाली, आणि प्रत्येक कोपऱ्यातून ट्रॅपपर्यंत वेगळी दोरी. आमचा सगळ्यात लांबचा कोपरा सहा फुटांवर, तिथे एक इंच चढ ठेवला. आणि दारापाशी एक चिंचोळी पट्टी, पाणी बाहेर येऊ नये म्हणून.

अकरा टाईल्स काढाव्या लागल्या. आधी ग्राउट खरवडून मग छन्नी आडवी धरून हळूहळू. तरी सात फुटल्या. छन्नीने खालचा वॉटरप्रूफिंगचा थरही फाटला, म्हणून तेवढा भाग टाके मारून म्हणजे छन्नीने खडबडीत करून, धुऊन, नवा कोबा टाकला आणि सात दिवस पाणी मारलं. मग पुन्हा दोन हात वॉटरप्रूफिंग, एक उभा आणि दुसरा आडवा, भिंतीवर फूटभर चढवून. ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं कोंबून ४८ तास पाणी साठवलं. भिंतीवर पेन्सिलने खूण केली होती, दर चार तासांनी मी जाऊन बघत होते. उन्हाने उडेल तेवढंच उतरलं. पलीकडची भिंत कोरडी राहिली.

हो, टाईल्सचं एक राहिलं. खोक्यावर बॅच नंबर असतो, सगळी खोकी एकाच बॅचची घ्या आणि एक खोकं जास्तीचं. मी मोजून घेतली होती. नंतर आणायला गेले तेव्हा तोच नमुना मिळाला, पण दुसऱ्या बॅचचा, रंग जरा गडद. न्हाणीच्या जमिनीला फूट बाय फुटाच्या, खरखरीत टाईल्सच बऱ्या. दोन फुटी मोठ्या टाईलला चारी बाजूंनी ढाळ देता येत नाही, ती कर्णावर कापावी लागते.

कोबा टाकायच्या आधी मामांना बोलावलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र रोज घेतला.

पहिल्या दिवशी सासूबाई आंघोळ करून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘आत जाऊन बघ.’ गेले. जमीन ओली होती, पाणी कुठेच नव्हतं. कमोडमागच्या सात टाईल्स तेवढ्या गडद दिसत होत्या.