ऐरणीच्या शोधातले चार महिने

घरामागच्या परसात लोहारकामाची भट्टी उभी करायला मला एक रविवार पुरला आणि तिच्याशेजारी ठेवायच्या ऐरणीसाठी चार महिने लागले. त्या चार महिन्यांचा राग अजून पुरता निवलेला नाही, त्यामुळे लिहायला बसलो की तेच आधी आठवतात.

भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, त्याच्या तळाला जोडलेली दोन इंची लोखंडी नळी आणि नळीच्या टोकाला एक छोटा ब्लोअर, एवढाच पसारा. ड्रम आतून लिंपताना मी सांगलीची काळी माती वापरण्याचा शहाणपणा केला. ही माती वाळताना आकसते, त्यामुळे पहिल्याच तापात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. वीटभट्टीवरच्या मातीत वाळू आणि राख कालवून केलेले दुसरे लिंपण मात्र टिकले. जळणाला लोणारी कोळसा घेतला.

ऐरणीसाठी रुळाचा तुकडा आणावा, असे ज्याने त्याने सांगितले. सल्ला खोटा नव्हता. रुळाचे पोलाद कठीण असते आणि मीटरला 52 किलो वजनाच्या रुळाचा दीड फुटी तुकडा जवळपास 24 किलो भरतो. मिरज जंक्शन हाकेच्या अंतरावर असताना हे काम आठवड्याभरात होईल, असे मी गृहीत धरले होते. पहिल्या भंगारवाल्याने रुळाचे नाव काढताच विषय बदलला. दुसऱ्याने गोणपाटाखालचा तुकडा दाखवला आणि पावतीबद्दल विचारताच तो पुन्हा झाकून टाकला. वकिली करणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी त्यामागचे कारण समजावले. रेल्वेच्या मालमत्तेविषयी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. वस्तू चोरीची असल्याचा वाजवी संशय आला, तर ती आपल्याकडे रीतसर आली हे ज्याच्याकडे सापडली त्यानेच सिद्ध करायचे असते, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छंदापायी एवढी जोखीम घेण्याचे माझे वय नाही.

म्हणून मी सरळ मार्गाने जायचे ठरवले आणि एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. ‘दीड फूट लांबीचा निकामी रूळ रीतसर किंमत घेऊन मिळावा’ हे वाक्य वाचून तिथल्या कारकुनांनी मान वर केली आणि अगदी शांतपणे विचारले, “दीड फूट, की दीड टन?” निकामी रूळ लिलावात आणि टनांच्या हिशेबाने विकले जातात, ही माहिती त्यांनी त्याच वेळी दिली असती तर मी घरी परतलो असतो. त्याऐवजी त्यांनी अर्जात प्रयोजन नीट लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या खेपेला आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला, त्याचा मला बालिश म्हणावा इतका आनंद झाला. चौथ्या खेपेला कळले की हा विषय त्या टेबलाचा नाहीच. प्रत्येक खेपेला बँकेतली अर्धी रजा खर्ची पडत होती आणि परसातल्या भट्टीत पावसाचे पाणी साचत होते. त्या अर्जाचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

शेवटी तासगाव रस्त्याला नांगराचे फाळ शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारदार करून, देणाऱ्या एका वयस्कर लोहारमामांपाशी मी हे सारे रडगाणे गायले. हातातला घण न थांबवता ते म्हणाले, “रूळ कशाला हुडकताय साहेब? जड, सपाट आणि घट्ट बसलेलं काहीबी चालतंय की.” त्यानंतरच्या शनिवारी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून ईएन-8 या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या गोल बारचा कापून उरलेला तुकडा वजनावर, पक्क्या बिलासह मिळाला. 150 मिलिमीटर व्यास, 200 मिलिमीटर लांबी आणि सुमारे 28 किलो वजन. त्याला लागलेला वेळ सगळा मिळून अर्धा तास. तो बाभळीच्या ओंडक्यात खाच पाडून उभा बसवला. ओंडका कापण्यापूर्वी सरळ उभे राहून मूठ वळावी आणि बोटांची पेरे जिथे येतील तिथे ऐरणीचा माथा ठेवावा. मी हे उशिरा ऐकले आणि आठवडाभर कंबर धरून बसलो.

नळीबद्दल सांगायचे राहिले: ती जस्ताचा मुलामा दिलेली नसावी, कारण तापलेल्या जस्ताच्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. तसेच बांधकामाच्या सळईचा विळा करण्याच्या भरीस पडू नये. तिच्यात कार्बन कमी असल्याने पाणी दिले, म्हणजे तापवून एकदम थंड केले, तरी हवी तशी कठीण धार येत नाही. माझे दोन विळे असेच वाया गेले. तिसरा ट्रकच्या कमानपाट्यातून काढला, लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत लालबुंद तापवला आणि तेलात बुडवला. कानस त्यावरून नुसती घसरू लागली, म्हणजे पोलाद कठीण झाले, तेव्हा मी तो मोठ्या दिमाखात मामांना दाखवायला नेला.

त्यांनी ओंडक्याच्या कडेवर धार हलकेच आपटली. तांदळाच्या दाण्याएवढा कपचा उडाला. “पाणी लई झालंय,” ते म्हणाले, “आता घासून चकचकीत करा आणि मंद आचेवर धरा. गवतासारखा पिवळा रंग चढला की काढा.” आणि विळा माझ्या हातात परत दिला.