पाणीपातळीचं ॲप: स्क्रीनच्या टेस्ट आता प्रत्येक पुशवर

या वेळच्या कामातली मुख्य गोष्ट आधी सांगतो. पाणीपातळीच्या ॲपचा कोड पुश केला (गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर चढवला) की आता तिथल्या गिटहब ॲक्शन्स या आपोआप कामं करणाऱ्या सेवेवर अँड्रॉइडचा एम्युलेटर (संगणकात चालणारा नकली फोन) उठतो, ॲप इन्स्टॉल होतं, महत्त्वाचे स्क्रीन दाबून-सरकवून तपासले जातात आणि सगळं हिरवं असेल तरच मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मूळ प्रतीत) मर्ज करता येतं. पावसाळा तोंडावर यायच्या आत हे उभं करायचंच होतं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ॲप छोटं आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती, कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे आणि पाणी चढतंय की उतरतंय, एवढंच ते दाखवतं. जाहीर होणारे आकडे मी हातानं एका जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये भरतो. वापरणारे म्हणजे घरचे, गावभागातले नातेवाईक आणि हरिपूरचे काही मित्र. पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. मुख्य कार्डाचा रंग आणि त्यावरची ओळ या दोन आकड्यांवर बदलते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं, तेव्हापासून नदीकाठच्या घराघरांत हे आकडे तोंडपाठ आहेत. ते कार्ड चुकलं तर बाकीच्या ॲपला काही अर्थच उरत नाही, म्हणून टेस्ट लिहायला सुरुवातही तिथूनच केली.

टेस्ट लिहायला मायस्ट्रो हे स्क्रीन तपासणारं साधन घेतलं. एस्प्रेसो हे दुसरं साधन ॲपच्या आत बसून काम करतं, जास्त वेगवान आणि काटेकोर आहे, हे मान्य. पण मायस्ट्रोची याम्ल फाइल कोड न येणाराही वाचू शकतो. ‘ॲप उघड, कोयना टॅबवर टॅप कर, विसर्ग हा शब्द दिसतोय का बघ’, अशा सरळ पायऱ्या असतात. हरिपूरच्या मित्रानं, जो शेती करतो आणि ज्याचा प्रोग्रामिंगशी संबंध नाही, ती फाइल वाचून विचारलं, ‘बरोब्बर ४० फूट असेल तेव्हा काय दिसतं, ते कुठं तपासलंयस?’ त्यावरून ३९.९, ४०, ४४.९ आणि ४५ अशा चारही कडांचे फ्लो (पायऱ्यांचे संच) लिहिले. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी मायस्ट्रोच सुचवीन.

एम्युलेटरबद्दल बऱ्याच जणांच्या मनात जुनी भीती आहे, ती आता सोडायला हरकत नाही. पूर्वी गिटहबच्या मोफत लिनक्स मशीनवर हार्डवेअर प्रवेग (एम्युलेटरला प्रोसेसरची थेट मदत) मिळत नसे, म्हणून लोक मॅकचे रनर (जॉब चालवणारी मशीन) वापरायचे आणि खासगी रेपोत (कोडच्या साठ्यात) त्याची मिनिटं दहापटीनं मोजली जायची. २०२४ पासून सार्वजनिक रेपोंच्या साध्या लिनक्स रनरवरही केव्हीएम (लिनक्समधली हीच प्रवेगाची सोय) वापरता येतं आणि तिथं मिनिटांचे पैसेही पडत नाहीत. फक्त एम्युलेटर सुरू करण्याआधीच्या पायरीत यूडेव्हचा (लिनक्समधल्या उपकरणांच्या परवानग्या सांभाळणाऱ्या भागाचा) एक नियम टाकून केव्हीएमची परवानगी मोकळी करावी लागते. ती नसेल तर सगळं प्रवेगाविना चालतं आणि नुसतं बूट व्हायलाच इतका वेळ जातो की जॉब टाइमआउट होतो. कुणाची पाइपलाइन अशी रेंगाळत असेल तर आधी हेच बघा.

सिस्टिम इमेज (एम्युलेटरमध्ये चालणारी अँड्रॉइडची प्रत) नेहमीची न घेता एटीडी (ऑटोमेटेड टेस्ट डिव्हाइस) प्रकारची घेतली. ती खास टेस्टसाठीच असते, नको असलेली बरीच ॲप त्यात नसतात, त्यामुळे मशीनवर भार कमी पडतो. ‘सिस्टिम यूआय प्रतिसाद देत नाही’ अशी खिडकी मध्येच येऊन अख्खा फ्लो अडवायची, ती पुन्हा दिसलेली नाही. मात्र या इमेजमध्ये हार्डवेअर रेंडरिंग मुळातच बंद असतं, त्यामुळे स्क्रीनशॉट कोरे येतात. ते हवे असतील तर एडीबीनं (संगणकावरून फोनला आदेश देणाऱ्या साधनानं) ‘डीबग.एचडब्ल्यूयूआय.ड्रॉइंग_एनेबल्ड’ ही प्रॉपर्टी १ करून ॲप नव्यानं उघडायचं. ॲनिमेशनच्या तिन्ही सेटिंग शून्यावर ठेवल्या आहेत. फेल झालेल्या रनचा स्क्रीनशॉट आणि लॉगकॅट (फोनमधल्या तांत्रिक नोंदी) आर्टिफॅक्ट म्हणून, म्हणजे रनसोबतच्या फाइल म्हणून जपले जातात. त्याशिवाय लाल खूण दिसून उपयोग नाही, कारण काय बिघडलं ते कळायला दुसरा मार्गच नसतो.

खरी आकड्यांची फाइल टेस्टमध्ये वापरायची नाही, हे पहिल्यापासून ठरवलं होतं. नदीचं पाणी रोज बदलतं, टेस्टमधलं बदलता कामा नये. त्यामुळे त्याच जॉबमध्ये एक छोटा सर्व्हर चालू होतो, तो ठरलेल्या फाइल देतो आणि टेस्ट बिल्ड (टेस्टसाठी बनवलेली ॲपची प्रत) तिकडूनच आकडे घेतो. एम्युलेटरच्या आतून यजमान मशीनचा पत्ता १०.०.२.२ असतो, लोकलहोस्ट लिहिलं तर एम्युलेटर स्वतःलाच विचारत बसतो. शिवाय अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच अडवलेलं असतं. ते फक्त टेस्ट बिल्डपुरतं, फक्त या एका पत्त्यासाठी नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमधून मोकळं करावं. रिलीज बिल्डला त्याचा स्पर्शही नको.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. सीआयवरचा, म्हणजे पुशनंतर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवरचा, एम्युलेटर इंग्रजीत उठतो. आमच्या गावभागातल्या काकूंचा फोन मराठीत आहे आणि अक्षरं मोठी केलेली आहेत. म्हणजे नुसत्या ताज्या एम्युलेटरवर टेस्ट चालवली तर जिच्यासाठी ॲप आहे तिचाच फोन तपासलेला नसतो. अँड्रॉइड १३ पासून एडीबीच्या ‘सेट-ॲप-लोकेल्स’ या आदेशानं एकट्या ॲपची भाषा बदलता येते, म्हणून एपीआय ३३ ची, म्हणजे अँड्रॉइड १३ ची इमेज ठेवली. तेच सगळे फ्लो एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत चालवायला घेतले आणि मराठीतली पहिलीच फेरी लाल झाली.

ॲपमध्ये स्वतःची नोंद करायची सोय आहे. ‘कालचीच नोंद घ्या’ असं बटण दाबलं की कालचा आकडा चौकटीत येतो, तो तसाच किंवा बदलून सेव्ह करायचा. पातळी ४१ असेल तर सेव्ह होत होतं, ४१.५ असेल तर ॲप बंद पडत होतं. कारण लॉगकॅटमध्ये स्वच्छ दिसलं. भाषा मराठी असताना ‘स्ट्रिंग.फॉरमॅट’ आकडे देवनागरीत लिहितं, आणि ते योग्यच आहे, काकूंना तेच हवेत. पण तीच ओळ पुन्हा संख्या म्हणून वाचताना पूर्णांकाचं ‘पार्सइंट’ देवनागरी अंक बिनतक्रार ओळखतं आणि दशांशाचं ‘पार्सडबल’ ओळखत नाही, एक्सेप्शन टाकतं. त्यामुळे वरवर पाहता हे कधी चालतं, कधी नाही असं वाटतं. उपाय असा की दाखवण्याची ओळ आणि साठवण्याची संख्या वेगळी ठेवायची, आणि वापरणाऱ्यानं लिहिलेला आकडा त्याच भाषेच्या ‘नंबरफॉरमॅट’नं वाचायचा. आपल्यापैकी जे कुणी हिशेबाची, पावसाची, दूध डेअरीची ॲप मराठीत करताहेत त्यांनी दशांशाचा एक आकडा टाकून आजच बघावं. एडीबीच्या ‘इनपुट टेक्स्ट’नं देवनागरी अंक टाइप होत नाहीत, त्यामुळे टेस्टमध्ये असा आकडा आणायला आधीच भरून देणारं बटण फार उपयोगी पडतं.

दुसरी अडचण मोठ्या अक्षरांची, आणि ही जास्त विचार करायला लावणारी. एडीबीनं अक्षरांचं प्रमाण १.३ केलं. ‘धोका पातळी ओलांडली’ ही ओळ दिसते का, या तपासणीत सगळे फ्लो पास. स्क्रीनशॉट उघडून पाहिला तर लाल कार्डावर लिहिलेलं होतं ‘धोका पातळी…’, पुढचं कापलेलं. ओलांडली की जवळ आली, काहीच कळत नव्हतं. मायस्ट्रो स्क्रीनवरची अक्षरं वाचत नाही, ॲक्सेसिबिलिटीच्या झाडातला (अंधांसाठी स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या ॲपना मिळणारा) मजकूर वाचतं, आणि तिथं वाक्य पूर्णच असतं. म्हणजे टेस्ट खोटं बोलत नाही, पण आपण विचारलेला प्रश्न अपुरा पडतो. कार्ड आता दोन ओळींचं केलं आहे. शिवाय त्या एका कार्डासाठी रोबोराझी या साधनानं स्क्रीनच्या चित्रांची तुलना लावली. ती जेव्हीएमवरच (संगणकावरच्या जावातच) चालते, एम्युलेटर लागत नाही, त्यामुळे पटकन होते. मूळ चित्रं मात्र सीआयच्या मशीनवरच तयार करावीत. मॅकवर काढलेलं चित्र आणि लिनक्सवर काढलेलं चित्र यांत अक्षरांच्या कडा किंचित वेगळ्या येतात आणि विनाकारण फेल दिसतं.

फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवण्याची सोय मी लावलेली नाही. मोठ्या टीमची गणितं वेगळी असतील, तिथं दुसऱ्या फेरीत पास झालेली टेस्ट सोडून देणं परवडत असेल. इथं टेस्ट मोजक्याच आहेत आणि प्रत्येक लाल खुणेमागचं कारण शोधणं शक्य आहे. वाट पाहण्यासाठी ठरावीक सेकंदांचं थांबणं कुठंच ठेवलं नाही, ‘एक्स्टेंडेड वेट अंटिल’नं विशिष्ट मजकूर येईपर्यंतच थांबतो. त्यानं अधूनमधून फेल होण्याचं प्रमाण जवळजवळ संपलं. नवीन पुश आला की जुना रन रद्द करायलाही सांगितलं आहे, नाहीतर रांग लागते.

पुढचं काम होम स्क्रीनवरच्या विजेटचं. ते लाँचरच्या (होम स्क्रीन चालवणाऱ्या ॲपच्या) ताब्यात असतं, त्यामुळे यूआय ऑटोमेटर (ॲपबाहेरचे स्क्रीनही तपासणारं साधन) वापरून पाहणार आहे, आणि त्यासाठी एटीडी सोडून लाँचरसकट असलेली इमेज वेगळ्या जॉबमध्ये लागेल असं दिसतंय. त्यानंतर खऱ्या फोनवर एक फेरी. गूगलच्या फायरबेस टेस्ट लॅबच्या मोफत योजनेत रोज प्रत्यक्ष फोनवरच्या ५ टेस्ट मिळतात. प्रत्येक पुशला त्या पुरणार नाहीत, पण रिलीजच्या आधी धोक्याच्या कार्डाच्या चारही कडा मराठीत, मोठ्या अक्षरांत तपासायला भरपूर आहेत, फक्त मायस्ट्रोचे फ्लो तिथं थेट चालत नाहीत, त्यामुळे त्या चार टेस्ट एस्प्रेसोत लिहाव्या लागतील. कुणी विजेटच्या टेस्ट सीआयवर स्थिर चालवल्या असतील तर कुठली इमेज वापरली ते जरूर कळवा.