कडुलिंबाखालची तीन मिनिटं

२०१० साली मी नववीत होतो. त्या ऑक्टोबरात सावरपाड्याच्या कविता राऊतनं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि आमच्या वर्गातली निम्मी मुलं पहाटे पळू लागली. मीही कानाला मफलर गुंडाळून नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारू लागलो. माझी शर्यत मात्र १०० मीटरची. डिसेंबरात सरांनी वेळ लावली तेव्हा १३.४ सेकंद आले. जूनमध्ये १३.२ होते. दोन महिने घाम गाळून मी हळू झालो होतो! डोळ्यांत पाणीच आलं.

पीटीच्या सरांनी विचारलं, "रोज किती पळतोस?"

"चार किलोमीटर, सर."

"मग चार किलोमीटर पळायला शिकलास. जोरात पळायला कधी शिकणार?"

दुसऱ्या दिवशी सरांनी शाळेच्या स्टेजपासून कडुलिंबापर्यंत फक्कीनं ३० मीटर आखले. जीव तोडून तीस मीटर पळायचं, मग झाडाखाली तीन मिनिटं बसायचं. असं सहा वेळा, आणि घरी. मला ही थट्टा वाटली. मिनिटभरात उठून उभा राहिलो की सर स्टॉपवॉच दाखवून पुन्हा खाली बसवत. "दम बसला सर," म्हटलं तर म्हणत, "दम बसला, टाकी भरली नाही. आपल्या नळाला करंगळीएवढी धार, वेळ लागणारच."

ही टाकी म्हणजे काय, ते कॉलेजात कळलं. पूर्ण जोर लावला की पहिले काही सेकंद स्नायू मुख्यतः आपल्यातच साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या रसायनावर काम करतो. तो साठा झपाट्यानं उतरतो आणि परत भरायला काही मिनिटं लागतात. त्याआधी पळालो तर वेग पडतो आणि शरीर त्या पडलेल्या वेगाचाच सराव करतं. सरांनी 'क्रिएटिन' हा शब्द कधी उच्चारला नाही, पण तीन मिनिटांतला एक सेकंदही कमी होऊ दिला नाही.

माझी दुसरी खोड म्हणजे सुटल्यावर दुसऱ्याच पावलाला ताठ व्हायचो. "जमीन मागे ढकल. नजर खाली. उठायची घाई नको," एवढंच सर म्हणत राहायचे. पाऊल लांब टाकलं की वेग वाढतो, असं मला वाटे. पण कमरेच्या फार पुढे पडलेलं पाऊल ब्रेक लावतं. ते सुटावं म्हणून शनिवारी पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या चढावर वीस-वीस मीटर पळवत. चढावर पाऊल पुढे फेकताच येत नाही, ते आपोआप अंगाखाली येतं. पोटऱ्या अशा भरून यायच्या की रविवारी जिना उतरताना कठडा धरावा लागे.

फेब्रुवारीत सर नसताना, कडाक्याच्या थंडीत, वॉर्म-अप न करता मी सुसाट सुटलो आणि मांडीच्या मागचा स्नायू धरला. तीन आठवडे गेले. सर रागावले नाहीत. रोज मैदानावर बोलावून शेजारी बसवून घेत आणि इतरांचे पाय बघायला लावत. "शेवटच्या वीस मीटरला कुणी वेग वाढवत नसतो रे, बोल्टसुद्धा नाही. जो कमी मंदावतो तो पुढे दिसतो." बर्लिनच्या २००९ मधल्या ९.५८ सेकंदांच्या १०० मीटरच्या विश्वविक्रमातही उसेन बोल्टचा सर्वाधिक वेग साधारण साठ ते ऐंशी मीटरच्या मध्ये होता. पुढे ते वाचलं तेव्हा सरांना फोन केला. दोघंही बराच वेळ बोलत बसलो.

एप्रिलमध्ये १२.७ आले. दहावीत जिल्ह्याच्या अंतिम फेरीत १२.५ सेकंदांत पाचवा आलो. पदक नाही मिळालं, पण ती धाव मला अजून पावला-पावलानिशी आठवते.

शाळेच्या महोत्सवाच्या बैठकीला आलो तेव्हा स्टेजपासून कडुलिंबापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं. बरोबर ३० मीटर भरलं. हल्लीच्या क्रीडाशिक्षकांशी बोललो आहे. जूनपासून दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसहाला मी फक्की आणि स्टॉपवॉच घेऊन तिथे असेन. ज्यांना जोरात पळायचंय त्यांनी यावं. येताना बसायला सतरंजीचा तुकडा आणावा.